मायचे मांडे मी बंद केले

मागच्या महिन्यात पाचोऱ्याहून एका बाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांना डायलिसिस सेंटरमधून मिळाला होता. त्यांना त्यांच्या बहिणीची किडनी मिळणार होती. तपासण्या, पथ्यं, औषधं असं सगळं विचारून झालं आणि मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "ताई, एक विचारू? घेतल्यावर झोप लागते का हो?"

मी म्हणाले, "लागते." खोटं नव्हतं ते. पण फोनवर सांगता येत नाही असं बरंच काही उरलं, ते इथे लिहिते आहे. यात वैद्यकीय माहिती फार नाही, ती आपापल्या डॉक्टरांकडून घ्यावी. हे घरातलं आहे.

चष्म्याचा नंबर

मी बियाण्यांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचे. सासर जळगाव, माहेर धुळे, आणि काम जळगाव जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांवर. पहूर, पाचोरा, यावल. सकाळी डबा घेऊन निघायचं, कृषी केंद्रांमध्ये बसायचं, दुपारी कपाशीत उभं राहून शेतकऱ्यांना बोंडं मोजून दाखवायची, संध्याकाळी मेळावा. आमच्या विभागात या कामावर बाई अशी मी एकटीच. मला त्याचा माज होता, हे लपवत नाही. संध्याकाळी पाय सुजायचे, ते उभं राहून सुजतात असं वाटायचं. थकवा यायचा, तो उन्हाचा वाटायचा.

एका दुपारी यावलहून परत येताना पुढच्या ट्रकवरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून मी तशीच गाडी घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ आत पाहिलं. मग खुर्ची मागे घेतली.

"मॅडम, चष्म्याचं राहू द्या. बीपी कधी मोजलं होतं?"

"कधीच नाही. मला काही होत नाही."

त्यांनी एका हाताचं मोजलं, मग दुसऱ्या हाताचं. मग म्हणाले, "गाडीची किल्ली इथे ठेवा आणि घरच्यांना बोलवा."

माझा नवरा प्रमोद कॉलेजच्या ऑफिसातून तसाच धावत आला. पुढचे दोन दिवस रक्त, लघवी, सोनोग्राफी यात गेले आणि तिसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. दोन्ही किडन्या आकसल्या होत्या. कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना. कारणही शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.

"औषधांनी किती दिवसांत बरं होईल?" प्रमोदने विचारलं.

"बरं होणं यात नाही," डॉक्टर म्हणाले. "आता डायलिसिस. आणि घरात कोणी देणारं असेल तर किडनी बदलायची."

लोक म्हणतात, असं ऐकल्यावर पायाखालची जमीन सरकते. माझं तसं झालं नाही. 'घरात कोणी देणारं असेल तर' हे ऐकताक्षणी मला माय दिसली, आणि आपण आत्ताच काहीतरी चोरलंय असं वाटलं.

माय

माझ्या आईला मी माय म्हणते. बाकी धुळ्यात तिला सगळे अक्का म्हणतात. ती अंगणवाडीत मदतनीस होती. वडील गेले, मग नोकरीही संपली. माझा मोठा भाऊ, संजूदादा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, त्याच्याकडे ती राहते. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष ती नुसती दारापुढच्या ओट्यावर बसून असायची. मग शेजारच्या लग्नात मांडे करणाऱ्या बाई आल्या नाहीत म्हणून ही उठून खापरापुढे बसली, ती पुन्हा ओट्यावर आलीच नाही.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. मांडे म्हणजे पुरणाची पोळीच, पण ती लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत रुमालाएवढा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. मायचे मांडे तिच्या कोपरापर्यंत यायचे आणि फाटायचे नाहीत. साठी ओलांडलेल्या बाईला लोक गाडी पाठवून न्यायला लागले. तिला व्हॉट्सअ‍ॅप जमत नाही म्हणून ऑर्डरसाठी मी माझाच नंबर दिला होता. "अक्कांच्या मांड्यांसाठी ना? बोला," असं मी शेताच्या बांधावरून बोलायचे. ती कधी नव्हे ती तोऱ्यात असायची. पातळांचे रंग बदलले होते तिच्या.

तिला मी पंधरा दिवस काही सांगितलं नाही. दादाने सांगितलं.

खुर्ची

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हातातली शीर धमनीला जोडून घ्यायची, ती सुरसुरत राहते, आधी भीती वाटते आणि मग सवय होते. चार तास खुर्चीत. पहिला तास बरा जातो, शेवटचा जात नाही. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि माझी अकरा वर्षांची मुलगी ऋचा दाराशी येऊन परत जायची. तिच्या पावलांचा आवाज मला ऐकू यायचा. मी झोपल्याचं सोंग करायचे. तिच्याशी बोलायला अंगात काही उरलेलं नसायचं.

पाणी मोजून प्यायचं. जळगावचा मे महिना आणि दिवसाला अर्धा लिटर पाणी, यापेक्षा मोठी शिक्षा मला माहीत नाही. केळी बंद, नारळपाणी बंद. आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस केळ्यांची फणी आणि नारळ घेऊनच यायचा. त्यांचा काय दोष! आमच्याकडे दुसरं काय नेणार?

शेजारच्या खुर्चीवर रफिकभाई असायचे. गाद्या भरण्याचं आणि सोफ्यांना कापड लावण्याचं त्यांचं काम, माझ्याआधी दोन वर्षांपासून डायलिसिसवर. पहिल्या दिवशी मी रडत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, आज पाणी किती पिलं?"

"अर्धी बाटली."

"अरे वा, श्रीमंत आहात."

मी हसले. त्या खोलीत हसता येतं हे त्यांनीच शिकवलं. त्यांच्याबद्दल सेंटरमध्ये सगळे आदराने बोलायचे. त्यांचा तरणा मुलगा किडनी द्यायला तयार होता, पण 'पोराच्या अंगाला हात लावू देणार नाही' असं म्हणून त्यांनीच नाही म्हटलं, असं सिस्टरांनी मला सांगितलं होतं. ते मनात रुतून बसलं. कारण तोवर आमच्या घरी रक्तगट बघून झाले होते.

रक्तगट

प्रमोदचा जुळला नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्याला मी सुटका म्हणणार नाही, पण ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याला कळलं. त्याने पुढे माझ्यासाठी जे केलं ते मोजता येणार नाही. तरी तो क्षण आमच्यामध्ये बरेच महिने बसून होता. दिसलं नसतं तर बरं झालं असतं. दादाचाही जुळला नाही. मायचा जुळला.

धुळ्याला सगळे बसलो होतो. माय अहिराणीच बोलते. म्हणाली, "दोन शेतस मनी जोडे. एक तुले." दोन आहेत माझ्याकडे, एक तुला.

दादा उभाच राहिला. "माय, तुनं वय काय शे? दोन्हीस्ले काही व्हई गयं तर मी कोणाकडे पाहू?" मग माझ्याकडे वळून शहरी मराठीत म्हणाला, "वर्षा, तू मशीनवर आहेस ना? चाललंय ना? लोक वर्षानुवर्षं काढतात."

वहिनी त्याला आत ओढायला लागली. तो चुकीचं बोलत नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता, म्हणजे सोपं झालं असतं.

"तू गप बस, संजू," माय म्हणाली. "मना पोटमा काय ठेवानं अन् काय काढानं, ते मी ठरावसू."

मी तेव्हा 'नको' म्हणाले. दोनदा म्हणाले. पण किती हळू म्हणाले ते माझं मला माहीत आहे. तिसऱ्यांदा म्हणाले असते आणि तिने 'बरं, राहू दे' म्हटलं असतं तर, या भीतीने मी तिसऱ्यांदा म्हणालेच नाही.

दबाव

ऑपरेशन नाशिकला ठरलं. त्याआधी हॉस्पिटलची एक समिती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला बोलावून प्रश्न विचारते, कॅमेऱ्यासमोर. कुणी जबरदस्तीने तर देत नाही ना, हे पाहायचं असतं. माय नवं पातळ नेसून बसली होती.

"आजी, तुमच्यावर घरच्यांचा काही दबाव आहे का?"

"दबाव? साहेब, मनावर आजलोंग कोणी दबाव टाकेल नही. आते काय टाकतीन?"

समितीतल्या डॉक्टरीणबाई हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "ऑपरेशनमध्ये धोका असतो, हे तुम्हाला समजावलंय ना?"

"समजाडेल शे. खापरवर हात बी भाजस, बाई. तरी मांडा टाकनाच पडस."

मग मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" मी मान हलवली. त्यांनी ती संमती म्हणून धरली असावी.

नाशिक

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. ऑपरेशननंतर घेणारा माणूस झपाट्याने बरा होतो. देणाऱ्याला जास्त दुखतं.

शुद्धीवर आले तेव्हा मला वाटलं, डोळ्यांसमोरची काच कुणीतरी पुसली आहे. कित्येक महिन्यांनी डोकं हलकं, तोंडाची कडू चव गेलेली. पलंगाला लावलेली लघवीची पिशवी भरत होती. डायलिसिसवर असताना माझी लघवी जवळजवळ बंदच झाली होती. सिस्टर पिशवी उचलून दाखवत म्हणाली, "बघा, किती छान!" आम्ही दोघी त्या पिशवीकडे सोन्याकडे बघावं तशा बघत होतो. मला भूक लागली होती. मी गाणं गुणगुणत होते, असं ती सिस्टर नंतर म्हणाली.

आणि मग प्रमोदने मायच्या वॉर्डातून व्हिडिओ कॉल लावला. माय ओळखू येईना. चेहरा राखेसारखा, ओठ चिकटलेले. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसने तिचा खांदा असा दुखत होता की तिला उशीवर डोकं ठेवता येत नव्हतं. मी विचारलं, "माय, कशी आहेस?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून विचारलं, "तू मुतनी का?"

"हो माय. खूप."

"मंग व्हई गयं काम."

फोन बंद झाल्यावर मी खूप रडले. सिस्टर म्हणाली, आनंदाचे अश्रू. मी तिला दुरुस्त केलं नाही. त्यात आनंद नव्हता असं नाही. पण माझं पोट भुकेने गुरगुरत होतं आणि बाजूच्या इमारतीत माझी आई कण्हत होती. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. त्यापैकी एक बंद करायला मी तयार नव्हते.

सांभाळणं

घरी आले ती अंगात कुणाची तरी काचेची वस्तू घेऊन. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या, तोंडाला मास्क, गर्दी नको, शिळं नको, आणि मातीत जायचं नाही. शेतातल्या मातीत, कडब्यात बुरशी असते आणि या गोळ्यांवर असलेल्या माणसाला ती भारी पडते. म्हणजे माझं काम संपलं. इतकी वर्षं जिच्यात उभी राहून भाकरी कमावली त्या मातीपासून लांब राहायचं.

कंपनीचे साहेब भले. त्यांनी सांगितलं, "मॅडम, फिल्ड नका करू. शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरं द्यायला माणूस हवाय. नवीन पोरांना शिकवायलाही. घरून करा." मी नाही म्हणाले. खरं कारण त्यांना सांगितलं नाही. मला वाटत होतं, कामाचा ताण आला, बीपी वाढलं, मायची किडनी खराब झाली तर? त्यातच चौथ्या महिन्यात रिपोर्ट बिघडला. शरीर किडनी नाकारतंय की काय म्हणून मला दाखल करून शिरेतून औषधं दिली. रिपोर्ट पुन्हा ताळ्यावर आला. पण त्या चार-पाच दिवसांत मी छताकडे बघत एकच हिशेब करत होते, की हिने दिली आणि मी घालवली तर मी तोंड कुठे लपवू. मायला मी कळू दिलं नाही. घरी आल्यावर मी राजीनामा लिहून पाठवला.

मग मी आणखी एक गोष्ट केली.

"आता त्या करत नाहीत"

लग्नसराई सुरू झाली होती आणि मांड्यांसाठी माझ्या फोनवर फोन यायला लागले होते. तोवर मायच्या डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं की आता सगळं काम करायला हरकत नाही. पाणी भरपूर प्या, दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, दरवर्षी तपासून घ्या, बस्स. मला हे माहीत होतं. तरी पहिला फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नाशिकचा तो राखेसारखा चेहरा आला, आणि मी म्हणाले, "अक्का आता करत नाहीत."

दुसऱ्यांना तेच सांगितलं. नंतर तर ते तोंडातच बसलं. काहींनी विचारलं, "कायमचं बंद का?" मी म्हणाले, "हो, कायमचं."

माय आठवड्यातून एकदा विचारायची, "कोणाना फोन उना नही का, वर्षे?"

"नाही गं माय. यंदा तिथी कमी आहेत."

"असं का," ती म्हणायची, आणि फोन ठेवायची.

मी हे तिच्यासाठी करतेय अशी माझी पक्की समजूत होती. आता कळतं, मला तिच्या हातांकडे बघवणार नव्हतं. चुलीपुढे बसून तिला धाप लागली असती, तर ती माझ्यामुळे लागली असती. ते बघायला लागू नये म्हणून मी तिची चूलच विझवून टाकली.

भाजीबाजारात तिला शिरपूरची एक ओळखीची बाई भेटली. "अक्का, तुम्ही मांडे बंद केले म्हणे? तुमची पोरगी सांगत होती फोनवर. आम्हाला दुसरी बाई बघावी लागली." माय घरी आली. मला फोन केला नाही. मी केलेले उचलले नाहीत. दादाने सांगितलं, ती ओट्यावर बसून असते. वर म्हणाला, "तू बरोबर केलंस, वर्षा. मीही हेच केलं असतं."

माझ्या किडनीच्या विरोधात उभा राहिलेला माझा भाऊ मला शाबासकी देत होता. मला तेव्हा पहिल्यांदा आपली लाज वाटली.

रफिकभाईंचा फोन

त्याच दिवसांत रफिकभाईंनी सहज फोन केला. ते अजून त्याच खुर्चीवर होते. मी माझं सगळं ओकले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही मुलाला नाही म्हणालात. मला आईला नाही म्हणता आलं नाही. तिथूनच सगळं चुकलंय."

मला मशीनचा बारीक आवाज ऐकू येत होता.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सेंटरमध्ये सगळेच सांगतात."

"सांगू द्या. मीच सांगू दिलं." त्यांचा आवाज खाली आला. "ताई, पोराने विचारलंच नाही कधी. त्याची छोटी छोटी मुलं आहेत, बायको घाबरते. मी त्याला दोष देत नाही. आणि त्याने विचारलं असतं ना, तर मी नाहीच म्हणालो असतो, अल्लाची शप्पथ. पण विचारलं असतं तर..."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या अम्मीने न मागता दिली," ते म्हणाले. "घेऊन टाका ना एकदा. रोज रोज परत करायला काय जाता?"

दुसऱ्या दिवशी प्रमोदला म्हणाले, मला धुळ्याला सोड.

राग

माय ओट्यावर गहू निवडत होती. मी समोर बसले. प्रमोद गाडीतच थांबला, तो शहाणा आहे.

"माय, चुकलं माझं."

ती निवडत राहिली. मी पुन्हा म्हणाले. मग पाठ केल्यासारखं बोलत सुटले, तुला त्रास होऊ नये म्हणून, तू एवढं केलंस म्हणून, मी तुझे उपकार कसे... 'उपकार' म्हणाले आणि तिने ताट बाजूला सरकवलं.

"राग शे माले," ती म्हणाली. "किडनीना नही. ती मी दिधी, ती तुनी व्हई गयी. पण मना हात बी तुले दिधात का मी? डॉक्टर सांगस काम कर. तू कोण सांगनारी?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं असेल. पण ती थांबली नाही. तिचा आवाज बदलला, ती माझ्याशी बोलत नव्हती, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होती.

"नाशिकले माले लई दुखे. फोनमा तुले दखं, तू अशी लाल-गुलाबी. तवय बी राग ऊना. मनमा ऊनं, हाई बरी पडनी अन् मी आठे मरी राहिनी. मंग मनी माले लाज वाटनी. आपलीच पोर शे. कोणाले सांगू?"

एवढे महिने मला वाटत होतं, नाशिकच्या त्या खोल्यांमध्ये अपराधी मी एकटीच होते. ती माझ्यावर रागावली होती आणि त्या रागाबद्दल स्वतःला खात होती. घरी येणारे-जाणारे तिला देवी म्हणायचे, पाया पडायचे. मीही तेच करत होते. दुखलं म्हणायची, चिडायची जागाच आम्ही तिला ठेवली नव्हती.

"मग मला तेव्हाच शिव्या द्यायच्यास," मी म्हणाले.

"आते देऊ का?"

"दे."

तिने दिल्या. अस्सल, घरगुती, लहानपणी मिळायच्या तशा. वहिनी आतून धावत बाहेर आली आणि आम्हाला बघून दारातच थांबली, कारण शिव्या देता देता माय रडत होती आणि मला हसू येत होतं. मग माय तोंड पुसून म्हणाली, "अन् तू नोकरी काब्र सोडी?"

मी म्हणाले, "तुझी किडनी सांभाळायला."

"तिले काय पाळनामा ठेवशी?"

त्यानंतर

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. शिरपूरची ती बाई परत आली नाही, आणखी दोन-तीन घरंही कायमची गेली. मी त्या सगळ्यांना एकेक करून फोन केले, चूक माझी होती म्हणून सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी 'बघू' म्हटलं. माय आता मोठ्या लग्नांची कामं घेत नाही, ते तिचं तिने ठरवलं. बारसं, साखरपुडा, सणासुदीचं घेते. कणीक तिंबायला वहिनी असते. आणि ऑर्डरचा फोन आता मायकडे आहे. वहिनी तिला मेसेज वाचून दाखवते, उत्तर माय देते.

मी कंपनीच्या साहेबांना फोन केला. ती जागा भरली होती. मी दोन महिने वाट पाहिली. ते दोन महिने वाईट गेले, आणि ते माझेच मी ओढवून घेतले होते. मग नवीन पोरांना शिकवायचं काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगारावर. आता मी कृषी केंद्रात नसते, मेळाव्यात नसते. एखादा पोरगा कपाशीत उभा राहून व्हिडिओ कॉल करतो, मी त्याला पान उलटं करून दाखव म्हणते. पहिल्या दिवशी त्याच्या बुटांना लागलेली ओली माती दिसली आणि मी पान सोडून तिच्याकडेच बघत राहिले. ते काम माझं होतं. माज उतरला म्हणावं तर तसंही नाही, जागा बदलली एवढंच. आधी मला कुठेही पोहोचायची घाई असायची. आता समोरचा पोरगा चुकला तर तो चुकून शिकेपर्यंत मी गप्प राहू शकते. हे मला आधी जमत नव्हतं.

रफिकभाई खुर्चीवर आहेत. माझी तपासणी असते त्या दिवशी मी त्यांना लांबून भेटते. आम्ही पाण्याच्या गोष्टी करतो. मी घरून निघताना पाणी पिऊन निघते, त्यांच्यासमोर बाटली काढत नाही. हा अपराधीपणा गेलेला नाही आणि तो घालवायचा मी प्रयत्नही करत नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी होते. आमच्याकडे लेकी या सणाला माहेरी येतात. मागच्या अंगणात चूल पेटली होती. धुरापासून लांब, मास्क लावून मी खाटेवर बसले होते. ऋचा आजीच्या शेजारी पाट घेऊन बसली होती. माय मांडे टाकत होती. सातवा-आठवा असेल, तिचा हात खाली आला. तिने गोळा परातीत ठेवला, कमरेवर हात टेकला आणि भिंतीला टेकून बसली. कपाळावर घाम होता. दादा पुढे सरकला. माझ्याही ओठांवर आलं, 'माय, पुरे आता.' मी खाटेची कड घट्ट धरून बसले आणि दादाकडे बघून मान हलवली. तो थांबला.

माय तांब्याभर पाणी प्यायली. थोडा वेळ चुलीकडे बघत राहिली. मग पदराने हात पुसले, गोळा उचलला आणि पुन्हा हातांवर खेळवायला लागली. तो मांडा तिच्या कोपरापर्यंत आला नाही. त्याच्या थोडा अलीकडेच तिने तो खापरावर टाकला, भाजला, घडी घातली आणि ऋचाच्या हातून माझ्याकडे पाठवला.

"दखत काय बठनी," तिकडून ओरडली. "गरम शे तवर खाई ले."